मांडीवरची किटली

कापसाला भाव देणं काही केल्या जमेना, तेव्हा सरकारने आमच्या जिल्ह्यातल्या बायकांना शिवणकाम शिकवायचं ठरवलं. त्यामागचा विचार मला आजतागायत कळलेला नाही. ज्या घरात कापूस पिकवून भागत नव्हतं, त्या घरात कापड विकत आणून परकर शिवल्याने कसं भागणार होतं, हे मी कुणाला विचारलंही नाही. मी त्याच योजनेत कंत्राटी शिवण निदेशिका होते आणि मला नोकरी हवी होती.

निदेशिका हा शब्द फक्त ऑर्डरवर. गावांत मला शिलाईवाली बाई म्हणत. करार अकरा महिन्यांचा, केंद्र तीन महिन्यांचं. एखाद्या गावात मशिनी मांडायच्या, बायकांना झबल्यापासून ब्लाउजपर्यंत आणायचं, आणि त्यांच्या बाह्या जरा बऱ्या बसायला लागल्या की मशिनी उचलून पुढचं गाव गाठायचं. कुठे समाजमंदिर मिळे, कुठे अंगणवाडीची गळकी खोली. एका गावात तर मोकाट गुरं डांबायचा कोंडवाडा झाडून दिला होता. तिथे एक म्हैस रोज दुपारी दारात यायची आणि आपली जागा कुणी घेतली ते बघून जायची. ऑर्डरमध्ये या सगळ्या ठिकाणांना एकच नाव होतं, तात्पुरतं कार्यस्थळ.

जागा तात्पुरती, म्हणून तिथे जायचा खर्च वेगळा मिळायचा. त्या नोकरीत मिरवण्यासारखं एवढंच होतं. माझा नवरा यवतमाळला सरकी काढायच्या एका जिनिंगमध्ये फिटर होता, आणि त्या वर्षांत ते जिनिंग चालू असण्यापेक्षा बंदच जास्त असायचं. तो घरी बसून शेजाऱ्यांचे पंखे दुरुस्त करायचा आणि पैसे घ्यायला लाजायचा. म्हणजे घर माझ्या मानधनावर होतं, आणि त्या मानधनातून रोजचं भाडं गेलं तर किराण्यापुरतंही उरत नव्हतं.

खर्चाच्या मंजुरीची अट एकच होती. एसटीचं तिकीट जोडा. माझी गावं घाटंजीच्या पलीकडची. आता आमची एसटी कशी, तर यवतमाळहून घाटंजीला जाणारी पहिली गाडी तिच्या मनात आलं तर यायची, आणि दुसऱ्या गाडीने जावं तर केंद्रावर पोचेपर्यंत सकाळचा वर्ग संपून बायका वेचणीला निघून गेलेल्या असायच्या. शिकवायला मशिनी उरायच्या फक्त. म्हणून मी चाचाच्या जीपने जायचे.

चाचाच्या जीपला काळा रंगही नव्हता आणि पिवळाही नव्हता. म्हणजे ती भाड्याची गाडी नव्हतीच. कागदावर ती त्याच्या घरची गाडी होती आणि आम्ही सगळे त्याच्या घरचे. पूर्वी तो गॅरेजमध्ये मेकॅनिक होता, त्यामुळे जीप कुठेही बंद पडली तरी तो खाली उतरून, तिला दोन शिव्या आणि एक पाना दाखवून चालू करायचा. ती किती माणसांसाठी बनवली आहे हे बनवणाऱ्याने कुठेतरी लिहून ठेवलं असणार, पण चाचाने ते वाचलं नव्हतं. "बाई, जराशा सरका जी, एक मास्तर उभा हाये," तो म्हणायचा, आणि जिथे बोट शिरायला जागा नाही तिथे मास्तर शिरायचा.

या जीपमधली मंडळी बघण्यासारखी होती. मास्तर, नर्सबाई, तलाठी, शेतकी खात्याचे दोघे, असे सगळे सरकारी. सगळ्यांनी लिहून दिलेलं होतं की आम्ही नोकरीच्या गावीच राहतो, म्हणून सगळ्यांना तिथलं घरभाडं मिळत होतं, आणि सगळे राहत होते यवतमाळला. रोज सकाळी अप, संध्याकाळी डाऊन. या अपडाऊनचे दोन कायदे होते, ते कुणी शिकवत नसे पण पहिल्या दिवशीच कळत. जीपमध्ये ऑफिसचं बोलायचं नाही, आणि ऑफिसात जीपचं. घाटंजी जवळ आलं की चाचा एकेकाला वेगवेगळ्या जागी सोडायचा. कुणी पेट्रोल पंपापाशी, कुणी शाळेच्या मागच्या भिंतीला. तिथून जो तो आपापल्या कचेरीत असा चालत जायचा, जणू घरून जेवूनच निघालाय.

यातला पक्का गडी म्हणजे आमच्याच कार्यालयातला लेखा शाखेचा बाबू. माझी प्रवासबिलं तपासणारा तोच. याचे वडील कचेरीत, आजोबाही कचेरीत, त्यामुळे नियम त्याच्या हाडातच होता. तो रोज यवतमाळहून एक रिकामी दुधाची किटली घेऊन निघायचा. घाटंजीत पानठेल्याशी उतरला की ती हातात लटकवत कार्यालयापर्यंत जायचा, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, साहेब सकाळचं दूध आणायला बाहेर पडले होते. ती किटली वाटेत ठेवायला जागा नसायची. बाबूच्या मांडीवर फायली आणि डबा, खाली दुसऱ्यांचे पाय. म्हणून ती माझ्या मांडीवर असायची. यवतमाळ ते घाटंजी, रोज, बाबूच्या डाव्या बाजूला मी आणि माझ्या मांडीवर बाबूचं घाटंजीतलं वास्तव्य.

अशा माणसाने माझं बिल त्रुटीत टाकलं. त्याच्या गोल, सुबक अक्षरात शेरा होता, प्रवास प्रत्यक्ष केल्याचा पुरावा आढळून येत नाही, सबब उर्वरित देयक परत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी केंद्रावरून उलटी घाटंजीला आले आणि त्याच्या टेबलापुढे उभी राहिले.

"नमस्कार मॅडम, बोला," तो मान वर न करता म्हणाला. "आपण कुठून येता?"

"तुमच्या डाव्या बाजूनं," मी म्हटलं.

त्याने ते ऐकलंच नाही. "तिकिटं जोडा," तो म्हणाला. "ज्या दिवसांची जोडली आहेत, ते दिवस मंजूर केलेत."

तिकिटं जोडलेले दिवस कोणते, तर संकष्टी चतुर्थीचे. त्या दिवशी चाचा जीप भरून भाविकांना कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला न्यायचा, म्हणून मला झक मारत एसटीने यावं लागायचं, आणि मी पोचायचे तेव्हा वर्ग उठलेला असायचा. म्हणजे ज्या दिवशी मी काही शिकवलं नाही तेवढेच माझे दिवस सरकारला मान्य होते. मी हे त्याला सांगितलं. त्याने टेबलाखाली पायाने किटली जरा आत सरकवली आणि दुसरी फाईल उघडली.

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये मी त्याला सोडायचं नाही असं ठरवून बसले. "मी येते की नाही?" मी विचारलं. "सांगा ना. आत्ता मी कुठं आहे?"

"इथं ऑफिसचं नाही बोलायचं मॅडम," तो हळूच म्हणाला. मास्तर खाकरला, नर्सबाई खिडकीबाहेर बघायला लागली. कायदा मोडला होता मी. मग मी किटली उचलून त्याच्या फायलींवर ठेवली आणि म्हटलं, आजपासून आपलं दूध आपण सांभाळा.

मास्तर भला माणूस. उतरताना कानाशी येऊन म्हणाला, "स्टँडवर तिकिटं पडून राह्यतात मॅडम. येचा अन् जोडा. कोन पाह्यते?"

"गावातल्या बायका कापूस वेचतात आणि मी तिकिटं वेचू?" मी म्हटलं. मी खरंच गेले होते. खऱ्या जाण्यासाठी खोटी तिकिटं कशाला लावायची, एवढाच माझा हट्ट होता, आणि तो मला परवडणारा नव्हता हेही मला कळत होतं.

चाचाने वेगळीच तोड काढली. "मी लिहून देतो ना जी. बाई रोज माह्या गाडीत येते, एवढं भाडं देते. अंगठा नाही, सही करतो मी, उर्दूत."

"आणि भाडं घेतल्याचं लिहून दिलंत तर तुमची गाडी जप्त होईल."

"होऊ द्या. जप्त करून नेतील कशी? चालू तर मलेच होते ते."

मी हसले, पण ती चिठ्ठी घेतली नाही.

तेवढ्यात बातमी आली की योजनेतलं एक केंद्र कमी करायचं आहे आणि त्यासाठी जिल्ह्याहून मोठे साहेब येणार आहेत. कोणतं केंद्र कमी होणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. जिच्या प्रवासाचा पुरावा नाही, तिच्या हजेरीचा तरी काय भरवसा? करारही संपत आला होता. त्या दिवसांत मी नवऱ्याशी नीट बोलत नव्हते आणि तो बिचारा शेजारच्या गल्लीतलेही पंखे शोधत फिरत होता. मी मनाशी ठरवलं, साहेबांसमोर सरळ बोट दाखवायचं. हा बाबू रोज माझ्या शेजारी बसतो म्हणायचं. बुडायचंच तर याला घेऊन बुडू.

साहेब यायच्या आदल्या संध्याकाळी मी परतीच्या जीपमध्ये अशी धुमसत बसले होते. यवतमाळात शिरलं की चाचा रोज बाबूच्या गल्लीच्या तोंडाशी थांबून दोनदा हॉर्न वाजवायचा. मला वाटायचं, सवय आहे. बाबूचं घर कोपऱ्यावरच होतं आणि दारात त्याची बायको उभी असायची. ती कधी हसायची नाही, हात करायची नाही, म्हणून मी तिला गर्विष्ठ ठरवून टाकलं होतं. त्या दिवशी बाबू जीपच्या मागच्या बाजूने उतरला आणि ती मात्र पुढच्या बाजूला, हॉर्न वाजला तिकडेच बघत राहिली. तो अगदी जवळ जाऊन काहीतरी बोलला, तेव्हा कुठे तिचा चेहरा वळला.

"दिसत नाही तिले," चाचा गाडी काढत म्हणाला. "साखरेनं नजर नेली. हे घर तिले हातानं पाठ हाये, म्हणून सोडत नाही. सकाळचा सैपाक करून निघते तो, अन् संध्याकाळी जाऊन पुन्हा करते. माह्या हॉर्नवर दार उघडते ते. तुमाले मालूम नव्हतं?"

मला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मला ते माहीत करून घ्यायचंही नव्हतं, निदान त्या दिवशी तरी. चांगला कडक राग भरून आणला होता मी, आणि चाचाने त्यात पाणी ओतलं. घरी जाऊन मी भांडी आपटली.

दुसऱ्या दिवशी साहेब सरकारी जीपमधून आले. त्या जीपच्या डिझेलला कुणी तिकीट मागत नव्हतं. मला आत बोलावलं. मी सोबत बायकांनी शिवलेल्या ब्लाउजांचं गाठोडं नेलं होतं, शिकवल्याचा पुरावा म्हणून.

साहेबांनी एक ब्लाउज उचलून पाहिला. "हे बाजारात विकतही मिळतात, बाई."

"बाह्या बघा साहेब," मी म्हटलं. "अशा बाह्या विकत मिळत नाहीत."

साहेबांनी बाह्या पाहिल्या आणि ते मान्य केलं. पण पुढे म्हणाले, "तुम्ही गेला नाहीत असं मी म्हणत नाही. गेलात असं कागद म्हणत नाही. साक्षीदार आहे का कुणी?"

बाबू शेजारीच माझी फाईल धरून उभा होता. त्याच्या टेबलाखालची किटली उघड्या दारातून मला दिसत होती. जीप भरून साक्षीदार होते माझ्याकडे, आणि त्यातला एकही मला वापरता येत नव्हता. चाचाच्या नावाने मनात कडाकडा बोटं मोडली. मग म्हटलं, "नाही साहेब."

"ठीक आहे," साहेब म्हणाले आणि पेनाचं टोपण काढलं. मग केवळ रीत म्हणून बाबूकडे वळले. "काय हो, तुमच्या माहितीप्रमाणे या बाई येत होत्या का?"

माहीत नाही म्हणणं किती सोपं होतं! मी त्याच्याकडे बघितलंही नाही.

"येत होत्या," बाबू म्हणाला.

"रोज?"

"चतुर्थी सोडून."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "हे तुम्हाला कसं माहीत?"

बाबूने फाईल टेबलावर नीट, कडेला कड जुळवून ठेवली. "माझी किटली यांच्या मांडीवर असायची, साहेब."

एवढं सांगितल्यावर बाकीचं विचारायला कितीसा वेळ लागतो. यवतमाळहून येता? हो साहेब. घरभाडं इथलं घेता? हो साहेब. जीप कोणाची, नंबर काय? इथे बाबू जरा थांबला. "नंबरप्लेटवर चिखल असतो, साहेब."

"बारा महिने?"

"उन्हाळ्यात वाळलेला असतो."

ते खोटं नव्हतं. चाचा नंबरप्लेट सोडून सगळी जीप धुवायचा.

तिकिटाऐवजी पाहणाऱ्याचा दाखला चालेल, असा शेरा मारून साहेबांनी माझं बिल मंजूर केलं, करार पुढे वाढला. बाबूचं घरभाडं बंद झालं, मागचं वसूल करायचा हुकूम निघाला आणि महिन्याच्या आत घाटंजीत येऊन राहा, असं लेखी मिळालं. मला आनंद झाला होता, आणि त्याची मला लाज वाटत होती. बाबूचा मला रागही आला. आधीच त्या बिलावर सही केली असती तर काय बिघडत होतं! पण तो तसा नव्हता. बिलात तिकीट हवं होतं, ते नव्हतं. साहेबांनी मात्र माहिती विचारली, आणि माहिती त्याच्याकडे होती. त्याच्या लेखी ही दोन वेगळी प्रकरणं होती.

काही दिवस जीप ओस पडली. मास्तर, नर्सबाई सगळे घाबरून एसटीने जायला लागले आणि वेळेवर पोचेनासे झाले. मग हळूहळू परत आले. त्यांनी बाबूला वेडा ठरवला होता.

बाबूचं सामान चाचाच्याच जीपने घाटंजीला आलं. चाचाने भाडं घेतलं नाही, शेवटी ती त्याच्या घरचीच गाडी. खोली बरी होती, पण बाबूची बायको दारातच उभी राहिली. "इथली भित मले वळखत नाही," ती म्हणाली. हात पुढे करून दोन पावलं टाकली आणि कपाटाचा कोपरा कपाळाला लागला. बाबू तिच्यापुढे नुसता उभा राहिला. त्याला इतकं हरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला काहीतरी शिवायला सुचतं.

मी केंद्रावर गेले आणि बायकांना ब्लाउज बाजूला ठेवायला लावले. कापसाला त्या वर्षी भाव नव्हता, त्यामुळे तो ज्याच्या त्याच्या घरात ढीग लावून पडलेला होता. बायकांनी ओटीत भरभरून आणला. आम्ही चिंध्यांच्या लांब पिशव्या शिवून त्यात कापूस ठासला आणि त्या खोलीतल्या कपाटाला, ओट्याला, भिंतीच्या प्रत्येक टोकाला गाद्या बांधून टाकल्या. स्वयंपाकघराच्या दाराला खरखरीत मांजरपाट लावलं, न्हाणीच्या दाराला गुळगुळीत पॉपलीन, बाहेरच्या दाराला साडीची जरीची किनार. मी तिचा हात धरून एकेक दाखवत फिरले. तिने किनार दोनदा चाचपली. "हे बाहेरचं दार," ती म्हणाली आणि पहिल्यांदाच हसली. "भारीच ठाट हाये बाई आमचा."

त्या योजनेतून कुणाच्या संसाराला हातभार लागला का, असं मला अजूनही कुणी विचारलं तर मी त्या खोलीचा पत्ता सांगते.

एवढं सगळं झाल्यावर मी पुढचं बिल निर्धास्तपणे पाठवलं. ते परत आलं. तेच गोल, सुबक अक्षर. प्रवास प्रत्यक्ष केल्याचा पुरावा आढळून येत नाही.

मी कार्यालयात शिरले ती दारापासूनच बोलत शिरले. काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाबूने सगळं ऐकून घेतलं. मग अगदी मनापासून म्हणाला, "मॅडम, आता मी जीपमध्ये नसतो ना. पाहिलं नाही ते मी कसं लिहू?"

मी कपाळावर हात मारून खुर्चीत बसले. त्यालाही ते टोचत असावं. पेनाला टोपण लावत तो म्हणाला, "उद्यापासून बघतो काहीतरी."

दुसऱ्या दिवशी जीप घाटंजीत शिरली, तर पानठेल्याशी बाबू उभा. एका हातात किटली, दुसऱ्या हाताला बायको धरलेली. किटलीवर झाकण घट्ट बसवलेलं होतं आणि तो ती सांभाळून धरत होता, कारण आता तिच्यात खरंच दूध होतं. चाचाने त्यांच्यासमोर गाडी थांबवली. बाबू वाकला, आत डोकावला, माझ्याकडे चांगलं निरखून पाहिलं आणि मान हलवली. मग दोघं दुधाची किटली घेऊन घराकडे निघाले. तेव्हापासून योजना गुंडाळली जाईपर्यंत ती दोघं रोज तिथे असायची, आणि माझं एकही बिल परत आलं नाही.

पुढे कधीतरी पानठेलेवाल्याने मला सांगितलं, की बाबूला जीप दिसायच्या आधीच त्याच्या बायकोला कळायचं. पार त्या वळणापलीकडून तिला चाचाच्या इंजिनाचा आवाज यायचा. "आल्या पाहा शिलाईवाल्या बाई," ती नवऱ्याला म्हणायची. "लिहा."